आंटीसाठी मागणं

गोव्यात हरमलला मी जिच्याकडे भाड्याने राहतो, ती आंटी रोज संध्याकाळी अंगणातल्या क्रुसापुढे मेणबत्ती लावून सगळ्यांसाठी मोठ्याने आशीर्वाद मागते. सकाळी ज्या शेजाऱ्याला शिव्या घातल्या, त्याचंच नाव पहिलं. शेवटी माझं. मी कुडाळचा, हिंदू. ते ऐकून बरं वाटावं की अवघडावं, मला कळत नाही.

काल ती तापाने पडून होती. “आज तू माग रे पुता, माझ्यासाठी,” म्हणाली.

मी मेणबत्ती लावली. हात जोडावेत की छातीवर क्रूस काढावा, या घोळात शेवटी हातच जोडले. नाव घ्यायला तोंड उघडलं, तर तिचं नावच ठाऊक नाही. “देवा, आंटीला बरं कर,” एवढंच म्हणालो.

हरमलात घरोघरी आंटी आहे. त्याला कळलं असेल ना, कोणती?