पंख्याचा आवाज आणि अण्णांचा कान

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात किस्से साठतात ते स्क्रूसारखे. मशीन परत बंद करताना एखादा स्क्रू उरतोच. कुठला, कशाचा, पत्ता नाही. मशीन तर चालतंय. मग तो डबीत टाकायचा. आमच्याकडं अशा तीन डब्या भरल्यात, आणि किस्से त्याहून जास्त. मित्रमंडळी जमली की म्हणतात, "सुऱ्या, सांग की एखादा." मी सांगतो, ते हसतात. पण पंख्याचे किस्से मी आजवर कुणाला सलग सांगितले नाहीत. सुटे सुटे सांगितले की हसू येतं. सलग सांगायला लागलो की मलाच हसता येत नाही.

दुकानात आम्ही दोघंच, अण्णा आणि मी. अण्णा मालक, वय पासष्टच्या पुढं. मी त्यांच्याकडं वीस वर्षं आहे आणि जे काही येतं ते त्यांनीच शिकवलेलं. आमची निम्मी गिऱ्हाइकं एकच रड घेऊन येतात: मेमरी वाढवली, मशीन पळायला लागलं, पण पंखा ओरडतोय. आता मेमरीचा आणि पंख्याचा तसा काही संबंध नाही. मेमरीची पट्टी बिचारी गप पडून असते. पण ती बसवायला कॅबिनेट उघडावं लागतं, आत हात घालावा लागतो, आणि हात गेला की काही ना काही हलतंच. काय हललं ते ऐकून शोधायचं. ऐकायचं काम अण्णांचं. त्या ऐकण्यावर दुकान उभं राहिलं, आणि तोच कान जायला लागला. मी सांगतोय ते सगळं त्याचंच आहे.

*

पहिला किस्सा चांगल्या दिवसांतला.

कसबा बावड्यातल्या एका पाटलांनी मोबाइलवर व्हिडिओ बघून घरीच मेमरी बसवली. मशीन सुरू केलं तर आतनं खर्र खर्र. घाबरून त्यांनी दुकानात फोन लावला. अण्णा म्हणाले, "फोन कॅबिनेटजवळ धरा जरा."

पाटलांनी धरला. अण्णांनी डोळे मिटून दहा सेकंद ऐकलं. "पाटील, मागल्या पंख्याजवळ वायरींचा झुबका हाय बघा. त्यातली एक सुटून पात्याला लागतीया. मशीन बंद करा, वायर बाजूला घ्या आन् दोऱ्यानं बांधून टाका."

पाच मिनिटांनी परत फोन. पाटलांचा आवाज एकदम खाली आलेला. "अण्णा, खरं सांगा. आमच्या घरात कॅमेरा बिमेरा लावलायसा काय?"

तेव्हापासनं लोकांना अण्णांच्या कानाचं वेडच लागलं. मी मशीन उघडून, बघून, दुरुस्त करून दिलं तरी गिऱ्हाईक विचारणार, "अण्णांनी ऐकलं न्हवं?" मला राग यायचा. आता त्या रागाचंच वाईट वाटतं.

*

कबनूरचा किस्सा मी मित्रांना सांगतो तो निम्माच.

कबनूरला एक यंत्रमागाचा कारखाना आहे. मालकांचं ऑफिस कारखान्यातच, पार्टिशनच्या आड. बाहेर दिवसभर चाळीस माग धडाधड चाललेले. आणि ह्या माणसाची तक्रार काय, तर मेमरी बसवल्यापासनं कॉम्प्युटरचा पंखा फार आवाज करतोय. मी फोनवरच हसलो. मालक चिडले. "हसताय काय पावणं? मागाचा आवाज आमचा हाय. ह्यो परका हाय. डोक्यात जातोय."

इथं मित्र हसतात आणि मी थांबतो. पुढचं सांगत नाही.

मेमरी अण्णांनीच बसवली होती, म्हणून आम्ही दोघंही गेलो. एवढ्या गोंगाटात पंखा ऐकायचा कसा? मालकांनी सगळे माग थांबवायला लावले. कारखाना चिडीचूप झाला. कामगार मजा बघायला पार्टिशनपाशी येऊन उभे राहिले. अण्णा वाकले, कॅबिनेटला कान लावला, बराच वेळ ऐकलं. मग उठून सगळ्यांकडं बघत म्हणाले, "कुठं काय हाय? गप हाय की."

पंखा खर्र खर्र करत होता. सगळ्यांत मागं उभ्या असलेल्या कामगारालाही तो ऐकू येत होता.

"अण्णा, चेष्टा करताय व्हय?" मालक म्हणाले. अण्णा नुसते हसले. त्यांना मालकांचं वाक्यही कळलेलं नाही, हे मला त्या हसण्यावरनं कळलं. मी घाईघाईनं म्हणालो, "मालक, लाइटचं काय तरी असंल, मी बघतो."

उघडून बघितलं. त्या मशीनमध्ये मेमरीपर्यंत हात पोचवायला प्रोसेसरवरचा पंखा काढावा लागतो. तो चार पायांवर बसतो. पाय दाबला की कट्ट असा बारीक आवाज येतो. तो आला की पाय बसला. अण्णांनी चारही पाय दाबले होते. तीन बसले होते. चौथ्याचं कट्ट झालंच नव्हतं, आणि झालं नाही हे त्यांना कळलं नव्हतं.

कोल्हापूरला परत येताना मोटरसायकलवर अण्णा मागं बसले होते. वाटेत म्हणाले, "दुकान काढायच्या आधी दहा वर्षं मी असल्याच मागांवर काढलीत, सुऱ्या."

*

मग मी एक सवय लावून घेतली. अण्णा दुपारी एकला घरी जेवायला जातात, तीनला येतात. तेवढ्या वेळात मी त्यांनी बसवलेलं मशीन गुपचूप उघडायचो. पाय दाबून बघायचो, वायरी बघायच्या, पंखा हातानं फिरवून बघायचा, आणि सगळं होतं तसं बंद करून ठेवायचं. तीनला अण्णा येणार, मशीन सुरू करणार, कान लावणार आणि म्हणणार, "गप हाय." मी म्हणायचो, "व्हय अण्णा."

एक दिवस गडबडीत माझ्याच हातनं घोळ झाला. पंख्याची पिन मी काढली आणि लावायची विसरलो. तीनला अण्णांनी मशीन सुरू केलं, कान लावला, म्हणाले, "गप हाय." तेवढ्या एकाच दिवशी ते शंभर टक्के खरं होतं. पंखा फिरतच नव्हता.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक तणतणत आलं. मशीन तापून तापून बंद पडतंय. त्या माणसानं कॅबिनेट काउंटरवर आपटलं आणि सुटलेली पिन दाखवली. "ही काय तुमची कामाची पद्धत, अण्णा?"

अण्णा त्या पिनेकडं बघत राहिले. त्यांनी ती लावली होती. त्यांनी तसं म्हणायला पाहिजे होतं. म्हणाले काय, "ऱ्हायली असंल. वय झालं आता. माफ करा पावणं."

मी तिथंच उभा होतो आणि तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर मशीनला परत हात का लावला, तेही सांगावं लागलं असतं. अशी स्वतःची समजूत घातली खरी. पण ज्या माणसानं मला घडवलं, त्याला मी माझ्या चुकीसाठी हात जोडायला लावले. ह्याची लाज मला अजून वाटते.

*

वहिनी म्हणजे अण्णांच्या मंडळी. एकदा अण्णा सामान आणायला गेलेले बघून त्या दुकानात आल्या. म्हणाल्या, "सुरेश, ह्यांना डॉक्टरकडं ने बाबा. घरात टीव्ही एवढा मोठा लावत्यात की काल पलीकडच्या गल्लीतली बाई मला सीरियलची स्टोरी विचारून गेली. म्हणाली, शेवटचं तेवढं ऐकायचं ऱ्हायलं."

आम्ही दोघंही हसलो. मग वहिनी पदरानं डोळे पुसायला लागल्या.

मी त्याच संध्याकाळी विषय काढला. अण्णांच्या समोर उभा राहून, ओरडून. "अण्णा, कानाला यंत्र लावून घ्या. आता लई बारकी मिळत्यात." अण्णा भडकले नाहीत. स्टुलावर बसले. म्हणाले, "सुऱ्या, मी आवाज हुडकणारा माणूस म्हणून लोक येत्यात. कानात यंत्र घालून गिऱ्हाइकासमोर बसलो, तर कोण आपलं मशीन माझ्या हातात देईल? घरी बसून काय करू मी?"

मी शटर ओढलं आणि आम्ही आपापल्या घरी गेलो.

*

हा एक वेगळाच. शाहूपुरीतले एक रिटायर तलाठी, एकटेच राहणारे. त्यांचं जुनं मशीन मेमरी वाढवायला आलं होतं. पंखाही खडखडत होता, म्हणून मी नवा बसवून दिला, त्यांना न विचारता. म्हटलं, म्हातारा खूश होईल.

चार दिवसांनी ते मशीन घेऊन परत. "बंद पडलंय."

लावून बघितलं तर व्यवस्थित चालू. मी म्हणालो, "काका, चालू हाय की. नवा पंखा हाय, आवाज करत न्हाय."

"तेच सांगतोय," काका म्हणाले. "आमची ही गेल्यापासनं दुपारी मशीन चालू ठेवून मी पडतो. ती खडखड असली की घरात कोण तरी काम करतंय असं वाटतंय. जुना पंखा हाय काय तुमच्याकडं?"

मी अण्णांना काकांचं बोलणं मोठ्यानं सांगितलं. मला वाटलं अण्णा हसतील. ते उठले, भंगाराच्या खोक्यात हात घातला, तो जुना पंखा शोधून काढला आणि स्वतः बसवून दिला. काका गेल्यावर म्हणाले, "खरं हाय त्यांचं. आवाज गेला की घर खायला उठतंय. मला इचार."

कान गेलाय, हे अण्णा माझ्याजवळ बोलले ते तेवढंच.

*

आणि हा गेल्या महिन्यातला.

दिवस गेले तसा मी निर्ढावलो होतो. आता गिऱ्हाइकाशी बोलायला अण्णा जेवायला जायची वाटही बघायचो नाही. ते पाठमोरे असले की 'मी परत बघतो' असं गिऱ्हाइकाला तिथंच सांगून टाकायचो. त्यांना कुठं ऐकू येणार होतं?

त्या दिवशी अण्णा उशिरा आले. कुठं गेलतासा विचारलं, तर हातानंच 'नंतर' अशी खूण केली आणि माझ्याकडं पाठ करून एका कॅबिनेटमधली धूळ ब्रशनं काढायला बसले. तेवढ्यात उचगावच्या एक ताई आल्या. त्यांचं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं सेंटर आहे. मशीन काउंटरवर ठेवून म्हणाल्या, "मेमरी वाढवायचीय. पण दादा, तुमीच बसवा हं. मागल्या बारीला अण्णांनी सेंटरवर येऊन बसवलं आन् पंखा नुसता बोंबलत होता."

मी नेहमीच्या आवाजात म्हणालो, "काळजी करू नका ताई. आत्ता त्यांच्याच हातात देतो, त्यांना वाईट वाटायला नको. ते जेवायला गेले की मी परत उघडून बघतो. दुकानात त्यांनी बसवलेलं प्रत्येक मशीन मी परत बघतोच."

अण्णांच्या हातातला ब्रश थांबला. ते वळले. डाव्या कानामागं कातडीच्या रंगाचं छोटं यंत्र होतं आणि त्यातनं एक बारीक नळी कानात गेलेली.

ताई खाली बघायला लागल्या.

"कवापासनं?" अण्णांनी मला विचारलं. अगदी हळू आवाजात. इतके दिवस ते ओरडूनच बोलायचे, त्यांचा हा आवाज मी विसरूनच गेलो होतो.

"तीन वर्षं झाली, अण्णा."

अण्णांनी ताईंचं मशीन जवळ ओढलं. कॅबिनेट उघडलं, पट्टी बसवली, वायरी एकेक करून बाजूला घेतल्या, झाकण लावलं. मशीन सुरू केलं आणि वाकून कान लावला. मग कानातलं यंत्र काढून काउंटरवर ठेवलं. "ह्यातनं सगळंच खरखरतंय," म्हणाले. आणि माझ्याकडं बघत, "सुऱ्या, तू ऐकून सांग. आवाज येतोय?"

मी कान लावला. आतनं बारीक टिकटिक येत होती. ताई माझ्याकडं बघत होत्या.

मी अण्णांच्या समोर जाऊन मोठ्यानं म्हणालो, "येतोय, अण्णा."

अण्णांनी मान हलवली, मशीन बंद केलं आणि परत उघडलं.