आम्ही जंगलात जात नाही

पुण्याजवळच्या एका कारखान्यात मी बिस्किटांचे पुडे खोक्यात भरते. जनसुनावणीसाठी गावी जायचं म्हणून रजा मागितली, तेव्हा कारण विचारलं. जंगलाचं सांगितलं असतं तर सुपरवायझर हसला असता. मी ‘आई आजारी’ असं सांगितलं आणि गाडीत बसल्यापासून मनात एकच चाललं, की खरंच आजारी पडली तर काय करू? मी अशीच आहे, फुकटची भिते.

आमचं गाव वणी तालुक्यात, कोळशाच्या खाणीला लागून. गावातली शाळा सातवीपर्यंत. आठवीचा वर्ग कोळशाच्या रस्त्यापलीकडच्या गावात होता आणि त्या रस्त्यावर टिप्पर असे धावायचे की माय म्हणाली, “शिकली नाई तरी चालते, जित्ती पायजे.” तेव्हा मी दोन दिवस जेवले नाही. आता राग येत नाही. बाबा गेल्यावर तिनं आम्हा दोघी बहिणींना एकटीनं वाढवलं. वेचायला जायची तो कापूस दुसऱ्याचा होता. मोहफुलं मात्र आमची होती, चारोळी आमची, डिंक आमचा, चुलीचं सरपण आमचं. माझ्या अंगावर जे मांस चढलं त्यातलं अर्धं जंगलाचं आहे, हे मी पुण्यात कुणाला सांगत नाही, पण विसरत नाही.

आमच्याकडे रीत अशी, की मोह गळायच्या आधी ज्या बाईनं झाडाखालचा पालापाचोळा झाडून जागा साफ केली, त्या सालचं ते झाड तिचं. कुठं लिहिलेलं नाही. पण झाडलेल्या जागेवर दुसरी बाई पाय ठेवत नाही. मायची तीन झाडं नाल्याच्या वरच्या अंगाला होती. आहेत.

आता खाण त्याच जंगलात वाढवायची होती, सुनावणी त्याचीच. ज्यांची शेतं जात होती त्यांना मोबदला मिळणार. जंगलाचा मोबदला कुणाला? ते सरकारचं. गावात जो तो तेच म्हणायचा, “जंगल सरकारचं हाय बाप्पा, आपलं काय जाते?”

खरा घोळ त्याआधीच झाला होता. सुनावणीच्या आधीच्या होळीला मी घरी आले होते. अंगणात मोहफुलं वाळत घातलेली. सकाळी एक पांढरी जीप आली, त्यातून खाकी पँटवाले दोघं आणि हातात टॅब घेतलेली एक मुलगी उतरली. ते आले होते खाणीचा परिणाम काय होईल त्याचं सर्वेक्षण करायला. पण शेजारची काकू गल्लीभर धावत सुटली, “नाकेदाराचे लोकं आले वं! झाका, झाका!”

नाकेदार म्हणजे वनरक्षक. मोहफुलांना आता तेवढी आडकाठी नाही म्हणतात. पण मायच्या पिढीनं कुऱ्हाडी हिसकावलेल्या पाहिल्यात, सरपणाच्या मोळ्यांवरून बायकांना दिवसभर नाक्यावर बसवून ठेवलेलं पाहिलंय. मायनं एका झटक्यात गोधडी मोहफुलांवर टाकली, वर बाज ओढली आणि पाय पसरून बसली.

“मावशी, जंगलातून तुम्ही काय काय आणता?” मुलीनं विचारलं.

“जंगलातून? कायले जाऊ वं जंगलात? अस्वल हाय तिथं.”

“सरपण?”

“ग्यास हाय ना. पाय थे सिलिंडर.” सिलिंडर कधीचं रिकामं होतं. वर पाटा ठेवला होता.

“मोहफुलं?”

“आमच्यात नाई चालत.”

अंगणभर मोहाचा वास दरवळत होता. मुलीनं नाक ओढलं. “गोड वास कसला येतोय?”

“पोट्टी पुण्यावरून आली. तिचं सेंट हाय.”

मी मान हलवली. घरोघरी हेच झालं. जीप गेल्यावर काकू ओट्यावर बसून हसली, “कसे फसवले भाड्यायले!” त्या दिवशी सगळी गल्ली खूश होती.

सुनावणी मंडपात होती, पाण्याच्या बाटल्या, कूलर, मागे पोलीस. मंचावर अधिकारी, बाजूला कंपनीचे लोक, पहिल्या रांगेत वनखात्याचे. कंपनीच्या माणसानं मराठीत वाचून दाखवलं: धूळ दाबायला पाणी मारू, नाला वळवू, रोजगार देऊ. मग म्हणाला, सर्वेक्षणात असं आढळलं की ग्रामस्थ उपजीविकेसाठी या वनावर अवलंबून नाहीत. तोडलेल्या झाडांच्या बदल्यात जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, महागाव तालुक्यात झाडं लावण्यात येतील.

“मंग मी टोपली घेऊन महागावले जाऊ का?” माय मोठ्यानं म्हणाली. बायका हसल्या. पण काकू हसली नाही. तिनं मायचा हात धरला, “बाई, हे तर आपणच सांगतलं होतं त्यायले.”

मलाही तेव्हाच उमगलं. जंगल गेल्यावर आमचं काय जातं हे तोलायला ते बसले होते, आणि आमच्या पारड्यात आम्ही आमच्याच हातानं काहीच टाकलं नव्हतं.

खाणीवर टिप्पर चालवणारा एक ओळखीचा पोरगा माइकवर आला. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. “काम नसते तर मीही पुण्याले गेलो असतो. खाण हाय म्हणून माय-बापाजवळ राह्यतो.” मी खाली मान घातली, कारण पुण्याला गेलेली मीच होते. तरी वाटलं, त्याच्या नोकरीचं वजन आहे, मग आमच्या फुलांचं का नसावं? विहिरीचं पाणी दर उन्हाळ्यात खाली जातं, कापसाची बोंडं काळी निघतात, सुरुंग लागला की भिंतीला तडे जातात. हे सगळं सोसून आमच्याकडे एक जंगल तेवढं उरलं होतं, आणि त्याचा हिशेब शून्य?

माय उठली. मी पदर धरला. “माय, बस. वनखात्याचे लोकं समोर हायेत. केस करतीन.”

“सोड.”

माइक तिनं लांब धरला, मग अगदी तोंडाला लावला. “म्या खोटं बोलली,” ती म्हणाली. “आमी सारेच खोटं बोललो. भिऊन बोललो. मी जंगलात जातो. रोज जातो. सरपण आणतो, मोह आणतो, चारोळी आणतो. माह्या दोन पोरी त्याच्यावर वाढल्या. थे एक तिथं बसली, पुण्याले पुडे भरते, तिले विचारा.”

मंचावरचे साहेब पुढे वाकले. चांगले होते बिचारे, हळू बोलले. “बाई, सरपण तोडल्याचं नोंदवलं तर तुमच्यावर कारवाई होऊ शकते. समजलं ना? नोंदवू का?”

पहिल्या रांगेतल्या खाकी माणसानं वळून पाहिलं.

“लिवा,” माय म्हणाली. आणि आपलं नाव सांगितलं, नवऱ्याचं, गावाचं. सावकाश, लिहिणाऱ्याला जमेल तसं.

मी उठले आणि तिच्या मागं उभी राहिले. माझ्या मागं काकू. मग वरच्या तांड्यावरच्या बायका, कोलाम आदिवासींच्या पोडावरच्या बायका. जेवणाची पाकिटं वाटायला लागले तरी रांग हलली नाही. लिहिणारा घाम पुसत होता. मी माझं नाव सांगितलं आणि पत्ता पुण्याचा नाही, गावाचा दिला.

सुनावणीचं पुढं काय झालं ते अजून कुणी कळवलं नाही. खाण कदाचित होईलही. मी परत निघाले त्या दिवशी गावचा एक पुढारी घरी आला. ओट्यावर बसून चहा घेतला आणि म्हणाला, “मावशी, बयान मागं घ्या. गैरसमजातून बोलली म्हणून सांगू. नाई तर वनखात्याचा दंड लागते.”

माय भाकर थापत होती. मान वर केली नाही.

“लागू दे. फक्त पावती दे म्हणा. काय आणलं, कोणत्या जंगलातून आणलं, सारं त्याच्यावर सरकारच्या शिक्क्यानं लिवून दे म्हणा. मंग थेच पावती घेऊन मी सुनावणीवाल्या साहेबाकडं जातो, का पाहा, तुह्याच लोकायनं लिवून देल्लं.”

त्यानं चहा अर्धा ठेवला आणि उठला.