काकूंचा कान आणि कंपनीचं धोरण

श्रवणतज्ज्ञ बाईंचा स्वभाव तसा थंड. पण त्या सकाळी कानाचं यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या माणसाशी फोनवर बोलताना त्यांचं डोकं असं सणकलं, की शेजारच्या खोलीतली नर्स दारात येऊन उभी राहिली.

समोर शिंपीणकाकू बसल्या होत्या. दोन्ही कान गेल्यावर शस्त्रक्रिया करून डोक्यात बसवलेल्या यंत्रावर त्या ऐकायच्या. हल्ली भांडं वाजलं तरी कानात सुरी खुपसल्यासारखं व्हायचं, म्हणून यंत्राचा कानामागे लावायचा भाग त्यांनी काढूनच ठेवला होता; त्यामुळे काहीच ऐकू येत नव्हतं. काम एवढंच, आवाजाची पातळी जुळवायची. पण ते सॉफ्टवेअर चालायचं क्लिनिकातल्या जुन्या कॉम्प्युटरवर, आणि त्यानं मान टाकली होती. नव्या कॉम्प्युटरवर ते उघडेचना.

"ते मॉडेल आम्ही बंद केलंय," फोनवरचा माणूस म्हणाला. "पेशंटला नवीन बसवून घ्यायला सांगा."

"तुमचं सॉफ्टवेअर जुनं झालं, म्हणून यांचं डोकं पुन्हा उघडायचं?"

"धोरण आहे, मॅडम."

बाईंनी फोन आदळला.

काकूंचे यजमान, निवृत्त बसचालक, हळूच म्हणाले, "जन्मभर हिनं माझं ऐकलं नाही. आता ऐकायचं म्हणते, तर हे नाही म्हणतात." कुणालाच हसू आलं नाही.

बाईंचा धाकटा दीर कॉलेजात कॉम्प्युटर सांभाळायचा. संध्याकाळी घरी त्यानं सगळं ऐकून घेतलं. "वहिनी, जुन्याची हार्डडिस्क शाबूत आहे ना? मग नव्याच्या पोटात जुना कॉम्प्युटर थाटू. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला. सॉफ्टवेअरला वाटतं, आपण आपल्याच घरी आहोत."

रविवारी दोघं क्लिनिकात बसले. सॉफ्टवेअर उघडलं, पण यंत्राला जोडायची वायर काही केल्या ओळखेना. दिरानं ती थेट आतल्या मशीनच्या ताब्यात दिली, तेव्हा कुठे गाडं हललं. बाईंनी आधी टेबलावरच्या सुट्या यंत्रावर सगळं पुन्हा पुन्हा तपासलं. माणसाच्या डोक्याशी खेळ नको.

मग काकूंना बोलावलं. एकेक पातळी खाली आणली आणि यजमानांना बोलायला सांगितलं. सवयीनं ते ओरडलेच.

"हळू बोला की," काकू म्हणाल्या आणि पदरानं डोळे टिपले.

कंपनीला कुणकुण लागली. असं चालवणं आम्हाला मान्य नाही, असा फोन आला.

"मग लेखी द्या," बाई म्हणाल्या. "ही बाई बहिरी राहिलेली आम्हाला चालेल, असं लिहा आणि खाली सही करा."

तसं कुणी लिहून दिलं नाही. बाईंचा राग मात्र उतरला नाही. असं यंत्र डोक्यात घेऊन आणखी किती माणसं गप्प बसली असतील? त्यांना असा दीर कुठून मिळणार? त्यांनी ओळखीच्या एकेका श्रवणतज्ज्ञाला फोन लावायला घेतला. व्हर्च्युअल मशीन समजावून सांगायच्या, आणि 'धोरण' हा शब्द आला की नव्यानं तापायच्या.