गोताडांनी निवडलेली सिस्टीम

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी महिपत गोताडच्या पुढ्यातला चहा निवून गेला होता. चुलीपाशी दमयंती तांदळाची भाकरी थापत होती. थापता थापता तिची नजर नवऱ्यावरच होती.

"काल सोनं वाटायला शेजारीसुद्धा गेला नाय तुम्ही. पोट दुखतंय का?"

"नाय."

"मग तोंड का असं?"

तेवढ्यात दाराची कडी वाजली. मिरजोळ्याच्या कारखान्यातला शिपाई बाबू दारात उभा होता, रस्त्यावर जीप घरघरत होती.

"गोताडभाऊ, चला लवकर. साहेब पहाटेपासून येऊन बसलेत. तुमचं ते यंत्र सरळ उठत नाय."

"यंत्र उठत नाय तर इंजिनियरला बोलवा," दमयंती म्हणाली. "ह्यांनी भाकरी तरी खायची की नाय?"

"वैनी, लगीन ह्यांनी जमवलंय. नवरी रुसली तर ह्यांनाच जायला हवं!" बाबू हसला.

महिपतला हसू आलं नाही. त्याने सदरा चढवला, वहाणा पायात सरकवल्या. यंत्र उठणार नाही, हे त्याला दोन दिवसांपासून ठाऊक होतं.

आमरस डब्यात भरणाऱ्या त्या कारखान्यात महिपत एकोणीस वर्षं स्टोअरचा कारकून होता. मॅट्रिक झालेला, अक्षर मोत्यासारखं, बोलणं बेताचं. त्याचं मत कुणी विचारल्याचं त्याला आठवत नव्हतं. गेल्या हिवाळ्यात मात्र मुंबईच्या मालकांनी ऑफिसात कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं, आणि तो कुठल्या सिस्टीमवर चालवायचा हे मॅनेजरसाहेबांनी महिपतवर सोपवलं. कॉम्प्युटरवर चढणार होता तो लॉटचा, म्हणजे एकेका घाण्यात एकदम भरलेल्या डब्यांचा हिशेब, आणि लॉट महिपतच्या हाताखालून जायचे.

दोन विक्रेते आले. एक डॉसवाला. त्याचं म्हणणं, चार टेबलांवर चार सुटी यंत्रं ठेवा. स्वस्त आणि सोपं, गावातल्या क्लासातसुद्धा हेच शिकवतात. दुसरा युनिक्सवाला. एकच मोठं यंत्र, त्याला जोडलेले चार पडदे, आणि चौघांनी एकाच वेळी एकाच वहीत लिहायचं. महिपतला त्याच्या आदल्या मे महिन्यातली गोष्ट आठवली. दोन कारकुनांनी दोन टेबलांवर दोन निराळ्या घाण्यांना एकच लॉट नंबर दिला होता. कुठल्या डब्यांची तपासणी झालेली आणि कुठल्या नाही, हे कुणालाच सांगता येईना. सगळा रस आवारामागच्या चरात ओतावा लागला. तो आंबूस वास त्याच्या नाकातून गेला नव्हता. वही एकच हवी, एवढं त्याला पक्कं कळलं होतं.

त्याने तीन पानं लिहिली आणि युनिक्सची शिफारस केली. मालकांनी ती मान्य केली. ती तीन पानं दमयंतीने ट्रंकेत साड्यांच्या घडीत जपून ठेवली होती.

मोसम असा गेला की साहेबही म्हणाले, "गोताड, तुम्ही जिंकलात." एकही नंबर दुबार झाला नाही. जूनमध्ये महिपतनेच सांगून कागदी रजिस्टर बंद करवलं. एक गोष्ट मात्र यंत्र बसवायला आलेल्या इंजिनियरने बजावली होती. ह्या सिस्टीमला आधी बंद व्हायचा हुकूम द्यायचा, तिने आवराआवर करेपर्यंत थांबायचं, मगच वीज काढायची, नाहीतर आतल्या नोंदी विस्कटतात. रोज संध्याकाळी ते काम महिपत स्वतः करी. वीज अचानक गेली तर असावी म्हणून जोडीला बॅटरी घ्या, असंही इंजिनियर म्हणाला होता. ती पुढच्या सालावर गेली.

मग खंडेनवमी आली. कारखान्याची रीत अशी की पूजेच्या मुहूर्ताला सगळ्यांत जुन्या कामगाराने मेनचा खटका खाली ओढायचा. यंत्रं निवली की त्यांना हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ. दसरा उलटेपर्यंत खटक्याला कुणी हात लावायचा नाही. इतकी वर्षं हा मान फिटर भिवाचा होता. भिवा निवृत्त झाला आणि मान महिपतकडे आला.

नवी टोपी घालून तो बोर्डापाशी उभा राहिला. गुरुजी "हां" म्हणाले. चाळीस माणसं बघत होती. त्याने खटका ओढला.

ऑफिसातून कुणीतरी ओरडलं, "अरे! माझी नोंद अर्धी राहिली!"

परदेशी जाणाऱ्या मालाचे कागद पुरे करायला तिघं अजून पडद्यांसमोर बसले होते. महिपतचा हात खटक्यावर तसाच राहिला. हुकूम द्यायचा तो साफ विसरला होता. तो मागे वळून पुटपुटला, "एकदा चालू करून बघू का?" तर माणसं अंगावर आली. "गोताड, खुळावलास काय? पूजा लागली!" त्याने हात खाली घेतला. यंत्राचं काय झालं असेल, हे दोन दिवस त्याने घरीसुद्धा काढलं नाही.

आता ऑफिसात शिरताच त्याला पडदा उजळलेला दिसला. क्षणभर बरं वाटलं. इंजिनियर फोनवर होता, सांगेल तशी बटणं साहेब दाबत होते. यंत्राने स्वतःची तपासणी केली, आणि जिथे लॉटची वही होती तिथे काही उरलं नव्हतं. तिचे तुकडे यंत्राच्याच आतल्या 'हरवलं-सापडलं' नावाच्या कप्प्यात जाऊन पडले होते. नाव नाही, गाव नाही, नुसते आकडे. वहीची नक्कल उतरवून ठेवलेली फीत कपाटातून काढली, तर पावसाळ्याच्या दमटाने तिच्यावर पांढरी बुरशी आलेली. फीत वाचली जाईना.

बाहेर लॉरीत डबे भरून तयार होते. साहेबांनी ते उतरवायला सांगितलं. तपासणीची नोंद नसलेला डबा बंदरावर घेतच नाहीत. हमाल खोकी उतरवू लागले. महिपतकडे बघायला कुणी तयार नव्हतं.

दुपारी मुंबईहून निरोप आला. ही सिस्टीम काढून टाका, डॉसची चार यंत्रं घ्या, आणि गोताडला फाटकावर वजनकाट्यापाशी बसवा. साहेब अहवाल लिहायला बसले. त्यांनी महिपतला समोर बोलावलं आणि मान खाली घालूनच वाचून दाखवलं, "निवडलेली सिस्टीम कामास अयोग्य आढळली. निवड चुकीची होती."

"साहेब, सुटी यंत्रं आली की पुढल्या मे महिन्यात पुन्हा नंबर दुबार होतील."

"होतील. तेव्हाचं तेव्हा बघू. मालकांना आता कारण हवंय, गोताड, आणि हे त्यांना पटतं. हुकूम न देता खटका तुम्ही ओढलात असं लिहिलं तर फाटकावरसुद्धा ठेवणार नाहीत तुम्हाला. कळतंय ना?"

"कळतंय."

"मग? अजून काही म्हणणं आहे?"

महिपतने दोन्ही हात टेबलाच्या कडेवर ठेवले.

"एक ओळ बदला, साहेब. सिस्टीम बरोबर होती, खटका गोताडने ओढला, एवढं लिहा."