मोठ्या गाड्यांसाठी उसवलेला ट्रॅक

आमच्या देवपूरच्या घरात बाहेरदेशची वस्तू आली की ती शोकेसमध्ये जायची. काचेला कुलूप, किल्ली सासऱ्यांच्या, म्हणजे आबांच्या, बंडीच्या खिशात. त्यातून एकच वस्तू सुटली होती. सुरतेच्या माझ्या धाकट्या दिरांनी आणलेला, विजेवर पळणाऱ्या गाड्यांचा ट्रॅक. काळ्या प्लास्टिकचे तुकडे एकमेकांत अडकवायचे, त्यात शेजारी शेजारी दोन खाचा, एकेका खाचेत एकेका गाडीची खुंटी. बटण दाबलं की गाडी धावते. आणला मुलींसाठी, पण दुपारी शिलाई मशीन बंद केलं की खेळायला मीच बसायचे. खोटं कशाला सांगू?

मग नव्वदच्या दशकात कधीतरी दिरांनी दोन मोठ्या गाड्या आणल्या, तळहाताएवढ्या, एक लाल, एक निळी. आमच्या आधीच्या बोटाएवढ्या होत्या. मोठ्या ट्रॅकवर ठेवल्या, तर खाचा इतक्या जवळ की पहिल्याच वळणावर दोघी एकमेकींना ढकलून बाहेर. दीर म्हणाले, यांना ट्रॅकच वेगळा लागतो, इथे जमायचं नाही, आखाजीला, अक्षय तृतीयेला, येईन तेव्हा परत नेतो. आबांनी गाड्या काचेआड ठेवल्या.

मला त्या पळवायच्या होत्या. एवढंच.

मी शिवण शिकले ती जुने कपडे उसवून, कुणी शिकवलं नाही. तंग ब्लाऊज आलं की मधून उसवायचं आणि पट्टी घालायची. ट्रॅकही तंगच झाला होता ना? आबांची बंडी धुवायला माझ्याकडेच यायची, तेव्हा किल्लीचा प्रश्न नव्हता. गाड्या काढल्या, माप घेतलं आणि लोखंड कापायच्या करवतीने एकेक तुकडा दोन खाचांच्या मधून उभा चिरला. आवाज ऐकून आबा दारात आले. चांगली वस्तू मी कापतेय हे त्यांनी पाहिलं. मग म्हणाले, "हाई बायासनं काम नही शे."

मी करवत थांबवली नाही.

दोन्ही भाग प्लायवर ठोकले, मध्ये दोन बोटं पट्टी घातली. सरळ रस्त्यावर गाड्या छान पळाल्या. वळणावर पुन्हा धडक. मी कपाळाला हात लावला. गाडी उभी असताना माप घेतलं होतं! गिऱ्हाइकाला हात वर करायला लावल्याशिवाय मी कधी बाहीचा मुंढा कापत नाही, आणि इथे विसरले. वळताना गाडीचं बूड बाहेर फेकलं जातं, त्याला शिवणीत ठेवतो तशी माया, जास्तीची जागा, ठेवायलाच हवी. पुन्हा उसवलं, पट्टी चार बोटं केली. तर बाहेरचा रस्ता वळणावर तोकडा पडला, टोकं जुळेनात. पेटीत सरळ तुकडे उरले होते, ते बेताचे कापून वळणाच्या मधोमध जोडले. हातांना फोड आले, पण जमलं.

आखाजीच्या दुपारी ओट्यावर पुरुषांचा पत्त्यांचा डाव रंगला होता, मुली झोक्यावर. दीर गाड्या मागायला आत आले. मी त्यांच्या हातात निळीचं बटण दिलं आणि लाल माझ्याकडे ठेवली. पाच फेऱ्या झाल्या. एकदाही धडक नाही. चौथ्या फेरीला त्यांची निळी घाईने खाचेतून उडाली आणि कोपऱ्यात जाऊन पडली, ती काही माझ्या ट्रॅकची चूक नव्हती.

ते हसले. म्हणाले, "वहिनी, सुरतेला आमचा हॉल मोठा आहे. हे सगळंच घेऊन जातो."

"भाऊजी, गाड्या इथेच राहतील," मी म्हटलं. "खेळायचं असेल तर तुम्ही येत जा."

आबा पत्ते सोडून दारात येऊन उभे होते. दिरांनी त्यांच्याकडे पाहिलं. आबा म्हणाले, चिरलंय तिनेच, आता तिलाच विचार. आणि पुन्हा डावाकडे गेले.

शोकेसमध्ये गाड्यांची जागा मोकळी दिसत होती. तिथे मी ती करवत ठेवली. अजून तिथेच आहे.