डाव्या हाताच्या जागा

धवलचा फोन आला तेव्हा मी बडोद्याच्या गोत्री भागात, माझ्या घराजवळ भाजी घेत होते. धवल आमचा ड्रमर. फोनवर तो कधीच थेट मुद्द्यावर येत नाही. आधी केम छो, मग घरातल्या प्रत्येकाची चौकशी. त्या सकाळी त्यातलं काहीच आलं नाही. "वैजूबेन..." एवढं म्हणून तो थांबला. मागे कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं, त्याचा आवाज येत होता. मग म्हणाला, "रंगाभाई गया." मी घेतलेली भाजी तिथेच ठेवली आणि रिक्षा थांबवली. बातमी अनपेक्षित नव्हती. गेली काही वर्षं ती आमच्याच दिशेने येत होती, आणि किती जवळ आली आहे ते आम्हाला दिसतही होतं. तरी रिक्षावाल्याने "क्यां जवुं छे?" विचारल्यावर मला पत्ता आठवेना. ज्या घरी मी माझ्या लग्नाआधीपासून दर रविवारी जात होते, त्या घराचा पत्ता.

श्रीरंग म्हणजे आमचा रंगा वाघोडियाच्या एका कारखान्यात यंत्रांची देखभाल बघायचा. बडोद्यात त्याला ओळखणारे बहुतेक लोक तेवढंच ओळखत. रविवारी दुपारी तो काय करतो हे फार थोड्यांना माहीत होतं. 'काळी पाच' नावाचा आमचा तिघांचा बँड होता. आम्ही प्रोग्रेसिव्ह रॉक वाजवायचो. म्हणजे लांबलचक, वळणं घेत जाणाऱ्या रचना, मध्येच ताल बदलणाऱ्या, संपल्या असं वाटावं तिथून पुन्हा उठणाऱ्या. आणि आमच्याकडे गिटार नव्हती. एकही नाही. धवल ड्रमवर, मी एका कीबोर्डवर आणि रंगा त्याच्या दोन मजली कीबोर्डांच्या मांडणीमागे. इतर बँडमध्ये खालचे खर्जातले स्वर बास गिटार सांभाळते. आमच्यात ते काम रंगाच्या डाव्या हाताचं होतं. आम्ही दोघं त्या हातावर उभे होतो असं म्हटलं तरी चालेल.

हे वेड कुठून आलं असं कुणी विचारलं की तो वडिलांकडे बोट दाखवायचा. रंगाचे वडील बडोद्याच्या हौशी मंडळींच्या संगीत नाटकांत ऑर्गनची साथ करत. पायाने भाता मारायचा तो जुना ऑर्गन घरीच असे, आणि लहानपणी रंगा त्याच्या खाली, वडिलांच्या पायांशी बसून राहायचा. "वरून लोकांना पद ऐकू यायचं, मला खालून त्याचा श्वास ऐकू यायचा," असं तो म्हणे. कॉलेजात मित्रांनी परदेशी रॉकच्या कॅसेटी ऐकवल्या तेव्हा बाकीची मुलं गिटारवर भाळली, हा मात्र त्यातला ऑर्गन शोधत बसला. कॉलेजच्या एका महोत्सवात आम्ही पहिल्यांदा वाजवलं. समोरून पोरं ओरडायला लागली, "गिटार क्यां छे? गिटार लाव!" रंगाने माइक ओढला आणि शांतपणे म्हणाला, "घेर ऊंघे छे." गिटार घरी झोपली आहे! सगळं पटांगण हसलं. मग त्याने डाव्या हाताने सगळ्यात खालचा स्वर धरला, आणि हसू हळूहळू विरून गेलं. त्या स्वराने मंचाच्या फळ्या थरथरत होत्या. मला आजही आठवतं, पुढच्या रांगेतल्या एका मुलीने नकळत छातीवर हात ठेवला होता.

आम्ही मोठे झालो. मी शाळेत गणित शिकवू लागले, धवलने वडिलांचं दुकान घेतलं, रंगाचं मेधाशी लग्न झालं. मेधा मूळची साताऱ्याची. आमच्या संगीताला ती "तुमचं ते कोसळणं" म्हणायची, पण मांजलपूरच्या घराची माडी तिने आम्हाला मोकळी करून दिली होती आणि रविवारी दुपारी पाहुण्यांना ती घरात येऊ देत नसे. तिथेच 'विश्वामित्री' या आमच्या रचनेचा जन्म झाला. एका संध्याकाळी आम्ही तिघं विश्वामित्री नदीच्या पुलावर उभे होतो. आमच्या गावात पुलावर थांबून मगरी बघणं हा काही विशेष उद्योग नव्हे. येणारेजाणारे स्कूटर लावून बघतातच. त्या दिवशी मात्र काही दिसत नव्हतं. कडेला चिखल, मधे गढूळ पाणी. आम्ही निघणार तेवढ्यात चिखलाचाच एक तुकडा पाण्यात सरकला... आवाज न करता. रंगा कठड्यावर वाकून पाण्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "वैजू, ती सगळा वेळ तिथेच होती. आपण तिच्याकडेच बघत होतो."

ती रचना त्याने कित्येक महिने घडवली. सुरुवातीला डावा हात एकटाच, अगदी खाली, सात मात्रांत येरझारा घालणारा. कितीतरी वेळ बाकी काहीच घडत नाही. मग वर माझे स्वर येतात, धवलची झांज येते, सगळं रंगात येतं, आणि आपण त्या डाव्या हाताला विसरतो. तो मात्र थांबलेला नसतो. शेवटाकडे बाकी सगळं गळून पडतं तेव्हा कळतं, तो खालीच चालू होता. धवलला ही रचना फार आवडायची, पण ती वाजवून झाल्यावर तो लगेच खाली जाऊन मेधाकडे चहा मागायचा. "ऊपर बैठने का मन नहीं होता," म्हणायचा.

मग एका रविवारी त्या डाव्या हाताच्या चालीत काहीतरी नवीन आलं. सातव्या मात्रेच्या आधी एक स्वर गायब होता. पुढच्या फेरीत पुन्हा. पाऊल टाकता टाकता जमीन नसावी तसं व्हायचं. पण त्यानेच त्या रचनेला अशी धार आली की माझ्या अंगावर काटा उभा राहिला. संपल्यावर धवल स्टूलवरून उठलाच. "रंगाभाई, क्या जगह छोडी है! वाह!"

"कुठली जागा?" रंगाने विचारलं.

धवल हसला, त्याला वाटलं रंगा गंमत करतोय. आम्ही सराव नेहमी ध्वनिमुद्रित करायचो. त्याने तो भाग लावून दाखवला. रंगा मान खाली घालून ऐकत होता. एकदा ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं. मग डावा हात त्याने मांडीवर उताणा ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिला. "हं... बरी वाटते," एवढंच म्हणाला, आणि पुढची रचना घेऊ या म्हणाला. पुढच्या काही रविवारी त्या जागा वाढत गेल्या. आम्ही त्यांच्यावर खूश होतो. माझे स्वरही मी त्यांच्याभोवती नव्याने बसवले.

पावसाळा सरल्यावर एकदा तो म्हणाला, "चला, करजणपर्यंत चक्कर मारून येऊ." गाडी त्याची, पण किल्ली त्याने धवलला दिली. हायवेला लागल्यावर तो पुढच्या सीटवरून मागे न बघता बोलू लागला. डाव्या हाताने गियर नीट पडत नाही. डॉक्टरांना दाखवून झालं आहे, अहमदाबादलाही जाऊन आलो. स्नायू हलवणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात असा आजार आहे. आधी हात, मग पाय, मग बोलणं, मग गिळणं, शेवटी श्वास. डोकं स्वच्छ राहतं. "आणि कान," तो म्हणाला. "कानाला काही होत नाही म्हणे."

धवलने गाडी कडेला घेतली. ट्रक शेजारून जात होते, प्रत्येक ट्रकसरशी गाडी हलत होती.

"कळलं कधी तुला?" मी विचारलं.

"धवलने वाहवा केली तेव्हा." आता त्याने मागे वळून पाहिलं. "मी एकही स्वर सोडला नव्हता, वैजू. माझ्या मते मी सगळे वाजवले होते."

धवल स्टिअरिंगवर डोकं टेकवून रडत होता, आणि रंगा उजव्या हाताने त्याची पाठ थोपटत होता.

त्यानंतर आम्ही थांबू असं मला वाटलं होतं. रंगाने मात्र इंजिनियरचं डोकं चालवलं. डावा हात जातोय ना, मग खर्ज पायांकडे देऊ. मोठ्या ऑर्गनला असतात तशी पायाने दाबायची पेडलं त्याने जुळवून घेतली, लाकडाच्या पट्ट्या आणि स्प्रिंगा लावून. वडिलांसारखा तोही आता पायाने वाजवू लागला. काही महिने फार सुंदर गेले, खरंच. पण त्या महिन्यांतही मेधा जिन्यात उभी राहून त्याच्या चढण्याकडे बघायची. एका पायरीवर त्याची चप्पल घासली गेली की ती माझ्याकडे बघायची आणि मी दुसरीकडे. पुढे तोल जाऊ लागला तेव्हा धवल त्याला पाठुंगळी घेऊन वर आणायचा. डाव्या हाताचा बराच भाग मी शिकून घेतला. शिकवताना तो अजिबात दयामाया दाखवत नसे. "घाई करतेस. ती मगर आहे, खारुताई नाही."

शेवटचा कार्यक्रम आम्ही शहरातल्या एका छोट्या सभागृहात केला, दुपारचा. ओळखीचेच लोक, काही जुने कॉलेजचे. रंगा चाकांच्या खुर्चीत, उजवा हात कीबोर्डवर, उजवा पाय पेडलांवर. 'विश्वामित्री'च्या अखेरीस सगळं गळून एकच खर्जाचा स्वर उरतो, तो त्याने पायाने धरायचा आणि काही क्षणांनी सोडायचा असं ठरलं होतं. मी थांबले. धवल थांबला. स्वर चालू होता. लोक श्वास रोखून ऐकत होते. तो चालूच राहिला. खिडक्यांची तावदानं बारीक वाजायला लागली. मी रंगाकडे पाहिलं आणि तो माझ्याकडेच बघत होता, अगदी स्थिर, आणि मला समजलं की त्याला पाय उचलता येत नाही. मागे कुणीतरी टाळी वाजवली आणि लगेच थांबलं. मशीन बंद करावं हे ना मला सुचलं ना धवलला. शेवटी पहिल्या रांगेतून मेधा उठली. मंचावर आली, साडी सावरून त्याच्यापाशी खाली बसली, आणि दोन्ही हातांनी त्याचं पाऊल धरून तिने पेडलावरून उचललं.

ती शांतता मी जन्मात विसरणार नाही. मग सगळं सभागृह उभं राहिलं. त्यांच्यासाठी ते सगळं रचनेचाच भाग होतं. मेधा तशीच खाली बसून होती, ते पाऊल मांडीवर घेऊन.

त्यानंतर रंगा माडीवर आला नाही. त्याचा पलंग खालच्या खोलीत आला, बरोब्बर आमच्या सरावाच्या खोलीच्या खाली. बोलणं गेलं, तेव्हा डोळ्यांच्या इशाऱ्याने अक्षरं निवडायचा पडदा आला. रविवार बंद करायचा नाही हे त्याने त्या पडद्यावरच बजावलं होतं. आम्ही वर वाजवायचो, तो खाली ऐकायचा. माझी त्याची शेवटची भेट अशाच एका सरावानंतरची. चेहऱ्यावर श्वासाचं यंत्र, डोळे फक्त जिवंत. एकेक अक्षर उमटायला खूप वेळ लागत होता. मला वाटलं निरोपाचं काही असेल... पडद्यावर आलं, "अजून घाई करतेस." मी हसले. त्याच्या डोळ्यांत हसू होतं की नाही ते मला सांगता येणार नाही.

दिवसकार्य झाल्यावर मेधाने निरोप धाडला, रविवारी या. आम्ही गेलो. त्याच्या कीबोर्डांवरची चादर तिने काढून ठेवली होती. 'विश्वामित्री' वाजवायचं हे न बोलता ठरलं, पण कुठलं? सगळे स्वर असलेलं, त्याने रचलेलं, की त्या जागा असलेलं? धवल म्हणाला, "पूरा बजाओ, वैजूबेन. जैसा उसने बनाया था." मी त्याच्या जागेवर बसले आणि सगळे स्वर वाजवले, एकही न गाळता. बरोबर होतं सगळं. पण कुणीतरी सभ्यपणे दुसऱ्याच माणसाबद्दल बोलत असावं तसं वाटत होतं. धवलनेच मध्ये हात वर केला. "नहीं... जगह छोडो."

तेव्हापासून आम्ही जागा सोडतो. त्या ठिकाणी माझा हात पट्ट्यांवर तरंगत राहतो, धवलच्या काठ्या हवेत थांबतात. मेधा चहा घेऊन जिना चढत असते. दाराआडून ट्रेमधल्या कपांची किणकिण ऐकू येते. जागा आली की तीही ज्या पायरीवर असेल तिथेच थांबते. किणकिण बंद होते. खाली त्याच्या खोलीतून काहीच येत नाही. मग पुढचा स्वर पडतो, आणि ती वर येते.