ब्रेकवरचं रबर

महबूबचाचांचा पाय चुकला नव्हता. चूक माझी होती, आणि ती तशीच पोटात ठेवून मी तुळजापूर सोडलं.

निघालो त्या दिवशी मोटारस्टँडवर आई आली होती, आणि काठी टेकत चाचाही आले होते. "पुण्याला चाललास, चाचांच्या पाया पड," आई म्हणाली. मी वाकलो. एक पाय सरळ होता, दुसरा गुडघ्यात आखडलेला. चाचांनी मला मधेच उचललं. "बस रे शिवलिंगा. माझ्या पायात आता काय राह्यलंय? तुझ्या हातात हुन्नर हाय, जा." मोटार सुटली तेव्हा मला हायसं वाटलं. गाव सोडताना रडू आलं, असं पुष्कळजण सांगतात. मला तसं सांगता येत नाही.

निजामाचं राज्य जाऊन सोलापूरच्या वाटेवरचा जकातीचा नाका उठला, तशा भाविकांच्या मोटारी वाढल्या. आमच्या मालकांची एक जुनी मोटार सोलापूर-तुळजापूर फेऱ्या करी. चाचा ती चालवत, मी तिची दुरुस्ती बघे.

श्रावणात चाचा म्हणाले, "ब्रेकचं रबर पार घिसलंय. पाय ठरत न्हाय." खरंच होतं. ब्रेकच्या पेडलावर बसवलेल्या रबराच्या रेघा झिजून गेल्या होत्या, एका कडेला आतलं लोखंड दिसत होतं. नवं रबर सोलापुरात मिळे. मी त्यांच्याच मोटारीतून सोलापूरला गेलो आणि दुकानाऐवजी सिनेमाला जाऊन बसलो. दुकान बंद होतं, म्हणालो. पुढच्या खेपेला माल संपल्याचं सांगितलं.

"तुझ्या दुकानात नाचगाणं बी असतंय म्हणं," चाचा हसले.

नवरात्रात मात्र ते हसले नाहीत. "खंडेनवमीच्या पूजेला रबर नवं पायजे. न्हायतर मालकाला सांगतो, दुसरा मिस्त्री बघा."

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारं धुऊन, तेलानं पुसून पुजतात. त्या सकाळी मी पान्यांवरून, जॅकवरून तेलाचा बोळा फिरवला आणि तोच बोळा ब्रेकच्या रबरावरूनही फिरवला. झिजलेलं रबर काळंभोर, कोरं दिसू लागलं. उघडी पडलेली कड हळदीकुंकवानं आणि झेंडूच्या पाकळ्यांनी झाकली. "बसवलं नवं," मी म्हणालो.

चाचांनी बसून पाय टेकवून पाहिला. "सरकतंय रे जरा."

"नवं रबर हाय चाचा. चार फेऱ्यांत बसंल."

"व्हय? मग ठीक."

त्याच दिवशी घाट उतरताना वळणावर बैलगाडी आडवी आली. चाचांचा पाय ब्रेकवरून निसटला आणि मोटार कठड्यावर गेली. भाविकांचं खरचटण्यावर निभावलं. चाचांचा गुडघा गेला.

मोटार ओढून शेडात आणली. मालक चाचांजवळ दवाखान्यात होते तेवढ्यात मी सोलापूरच्या दुकानातून रबर आणलं. जुनं पेचकसानं उचकटून काढलं, पेडलाच्या पट्टीवरचं तेल पुसलं, नवं गरम पाण्यात मऊ करून त्याच्या कडा ओढून चढवल्या. विडी ओढून होईतो संपणारं काम. मालकांनी येऊन वाकून पाहिलं. रबर नवं. "मग म्हाताऱ्याचा पायच चुकला," ते म्हणाले. मी मान हलवली.

चाचांनीही तेच मानलं. स्वतःच्या पायापेक्षा त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. "पायानं दगा दिला," असं ते भेटायला येईल त्याला सांगत. पुन्हा कधी त्यांनी मोटार हातात धरली नाही. देवळाकडच्या उतारावर चालतानाही भिंतीचा आधार घेऊन आधी पाय चाचपून बघत. ते बघवेना, म्हणून मी पुण्याची वाट धरली.

पुण्यात गॅरेजात काम मिळालं. मोटारीखालच्या खड्ड्यात उताणं पडून काम करायचं. वर लोखंड, दोन्ही अंगांना भिंती. संध्याकाळी खड्ड्यातून बाहेर यायचो, पण सुटल्यासारखं कधी वाटलं नाही. गावी जावं तर चाचा दिसणार, न जावं तर आई वाट बघणार. गेलो की दोन दिवसांत काहीतरी निमित्त काढून परतायचो. पुढं हेड मिस्त्री झालो. कुठलीही मोटार आली की अजून मी आधी दार उघडून वाकतो आणि पेडलांच्या रबरावरून अंगठा फिरवतो. कामावरची पोरं मागं म्हणतात, "मिस्त्री मोटारीच्या पाया पडतात." मी हसतो, दुसरं काय करणार?

यंदाच्या उन्हाळ्यात गावी गेलो, तर चाचांनी चहाला बोलावलं. मोठ्या अभिमानानं शेजाऱ्याला म्हणाले, "हा माझा शागीर्द." त्यांचा मुलगा रफीक चहा ओतत होता. त्याच्याकडं बोट करून चाचा म्हणाले, "ह्याला सरकारी मोटारीवर डायवरची नोकरी लागत हुती. म्याच जाऊ दिलं न्हाय. बापाचा पाय पोराला येतोच की." रफीक मान खाली घालून बश्या पुसत राहिला.

घर म्हणजे काय, ते मला चाचांच्या बाजेवर बसून कळलं. पुण्यात मी कसाही असलो तरी कुणाचं काही अडत नाही. इथं मात्र माझं खोटं एका घरात खरं म्हणून जगत होतं, आणि ते मोडायला मीच हवा होतो. शेजारी उठून जाईतो मी थांबलो.

"चाचा, त्या खंडेनवमीला ब्रेकचं रबर जुनंच होतं. मी त्याला तेल लावलं आणि नवं म्हणून सांगितलं. मागनं गुपचूप बदललं."

चाचांनी बशी खाली ठेवली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी आपल्या आखडलेल्या गुडघ्यावर हात ठेवला.

"म्हंजे माझा पाय बराबर पडला हुता?"

"व्हय चाचा, बराबर पडला होता. चुकलो मी. तुमचं लई वाईट केलं. मला माफ करा."

मग रफीककडं वळलो आणि त्याचीही माफी मागितली.